साहेबांसमोर काळी मोहरी

नवरोजच्या बुद्धिबळ सामन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि कोकंदच्या कालवे कचेरीत नकाशे काढणाऱ्या एर्गाशच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच फेरीत त्याची गाठ होती नव्या साहेबांशी, आणि वाट्याला आली होती काळी मोहरी.

निझोमिद्दीन साहेब ताश्कंदहून आलेले. तरुणपणी त्यांनी बुद्धिबळात कपाटभर बक्षिसं मिळवली होती. एर्गाशची मजल गल्लीतल्या न्हाव्याला हरवण्यापर्यंत, तीही न्हावी गिऱ्हाइकात गुंतलेला असला तर. हरण्याचं दुःख त्याला नव्हतंच. पण कुमकुदुकच्या पंपघरावर एक माणूस वर्षभरासाठी धाडायचा होता आणि त्याचं नाव नवरोजनंतर साहेबच ठरवणार होते. कुमकुदुकला आहे काय, तर वाळू, पंप आणि पुन्हा वाळू. इकडे लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा सरत आलेला. पहिल्या नातवंडाला मांडीवर घ्यायचं सोडून पंपाला तेल घालत बसायचं?

"लवकर हरलो तर म्हणतील, बिनडोक आहे, पाठवा वाळूत," तो बायकोला म्हणाला. "चांगला खेळलो तर म्हणतील, शेफारलाय, पाठवा वाळूत. सुरुवात कुठली करू, तेच कळेना!"

"माझं ऐका, आधी जेवून घ्या," शरोफत म्हणाली.

कचेरीत सल्ल्यांना तोटा नव्हता. सिसिलियन बचावाचं नाव काढताच लोक दचकले. पहिल्याच खेळीला साहेबांशी वाकडं? फ्रेंच बचाव म्हणे तोंड फुगवून कोपऱ्यात बसल्यासारखा दिसतो. शेवटी संध्याकाळी मोठे कारकून मामासोली-अका, म्हणजे अख्ख्या कचेरीचे थोरले दादा, स्वतः घरी आले आणि अंगणातल्या बैठकीवर ऐसपैस पसरले.

"सहा साहेब पाहिले मी," ते म्हणाले. "पहिले बसून लिहायचे, मी बसलो. दुसरे उभ्याने लिहायचे, मी चार वर्षं उभा होतो! पाय गेले, पण बदली झाली नाही. साहेब जी खेळी करतील तीच तू करायची. काळ्या मोहऱ्यांना याहून सुरक्षित सुरुवात नाही."

"पण अका, त्यांनी चूक केली तर?"

"मग आपणही करायची! वेडा की काय तू? साहेबांची चूक साहेबांना दाखवतात का कधी?"

तीन तास झाले तरी अका हलेनात. शेवटी शरोफतने त्यांच्यापुढे चहाचा पियाला काठोकाठ भरून ठेवला. मान द्यायचा तर पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतो. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि निघा. कोकंदमधलं शेंबडं पोरही हे जाणतं. अकांनी तो मिटक्या मारत संपवला आणि दुसरा मागितला.

सामन्याच्या दिवशी चायखान्यात अख्खी कचेरी जमली होती. पलावाची कढई चढलेली, पण लक्ष सगळ्यांचं पटावर. साहेबांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. एर्गाशनेही सारलं. साहेबांनी वजीर दोन घरं पुढे काढला. एर्गाशनेही काढला. साहेबांनी मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आपला वजीर उचलून थेट एर्गाशच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला.

एर्गाशचा हात आपोआप उंटाकडे गेला. तेवढ्यात मागून अका खाकरले. हात मागे फिरला, आणि एर्गाशने आपलाही वजीर तसाच साहेबांच्या उंटापुढे नेऊन ठेवला.

साहेबांनी शांतपणे वजिराने तो काळा उंटच उचलला. "शह आणि मात."

चार खेळ्या! पलावात अजून तांदूळसुद्धा पडले नव्हते. एर्गाशला डोळ्यांसमोर वाळू दिसू लागली. पण साहेब हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, फुकटचा वजीर होता! घेतला का नाहीस?"

"साहेब... तुमचा होता ना."

साहेब आणखी हसले. साहेब खूश आहेत असं दिसताच अकांना कुठला दम निघतोय? गर्दीतून वाट काढत ते पुढे आले. "साहेब, ही सुरुवात मी शिकवलीय त्याला!"

"सगळी तुमची?"

"सगळी! चाळीस वर्षांचा अनुभव आहे. साहेब बसून लिहायचे तेव्हा मी बसलो, उभ्याने लिहायचे तेव्हा उभा राहिलो!"

"आणि उंटाकडे हात गेला होता, तो?"

"तो त्याचा आगाऊपणा. मी वेळेवर खाकरलो म्हणून बरं."

साहेबांनी किटली घेतली. एर्गाशपुढे पियाला ठेवला, अर्धा. मग अकांचा भरायला घेतला. चहा अर्ध्यावर आला, पाऊण झाला, काठाला लागला, तरी किटली थांबेना.

"कुमकुदुकला उभ्याने लिहा की बसून, अका," साहेब गोड आवाजात म्हणाले. "तिथे बघायला कुणी नाही."

या वेळी मात्र अकांनी दुसरा पियाला मागितला नाही.

एर्गाशला वाटलं, धावत घरी जाऊन लेकीला सांगावं. पण साहेब पुन्हा मोहरी मांडत होते. "बस. काळी तुलाच. या डावात तुझं डोकं चालव."

त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. एर्गाशने कपाळ चोळलं, टोपी काढली, पुन्हा घातली. दहा मिनिटं त्याने आयुष्यात केला नव्हता एवढा विचार केला. मग आपल्या वजिरापुढचं प्यादं उचलून दोन घरं पुढे ठेवलं.

साहेबांचा हात किटलीकडे गेला.

"साहेब, लेकीची शपथ," एर्गाश दोन्ही हातांनी पियाला झाकत ओरडला, "ही माझी मीच ठरवलीय!"