'नेहमी' या शब्दाबाबत कार्यालयाची भूमिका

जबाबदारी ही फार मोलाची वस्तू आहे, आणि मोलाची वस्तू शहाणा माणूस अंगावर घेऊन फिरत नाही. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुने अभिलेख कक्षात हे तत्त्व इतके मुरले आहे की, इथे बावीस वर्षे काढूनही मला कोणाचीच सही ओळखता येत नाही.

आमच्याकडच्या घरांच्या नोंदी ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत, तो फक्त जुन्या संगणकावर चालतो. जुना संगणक वारला. तेव्हा नव्या संगणकाच्या पोटात जुन्याचे सोंग उभे करणारे एक सॉफ्टवेअर बसवण्यात आले. गावागणिक एक फाइल. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की पोटातला संगणक जागा होई आणि नोंदी दाखवी. यंदा त्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला, म्हणून ते काढून दुसरे, फुकटचे बसवले. नवे उत्तम आहे. फक्त फाइलींना ते आपले वाटेना. त्यांच्यावरचे चित्र जाऊन कोरा कागद आला, आणि टिचकी मारली की संगणक विचारू लागला, "ही फाइल कशाने उघडू?"

आमचे मुख्य कारकून पांडुरंगबाब यांनी पहिल्या दिवशी यादीतला सर्वांत वरचा प्रोग्रॅम निवडला. (ज्येष्ठताक्रम डावलणे त्यांच्या स्वभावात नाही.) तो फोटो दाखवणारा निघाला. फोटो काही दिसला नाही, म्हणून त्या दिवशी आलेल्या अकराही अर्जदारांना 'नोंद आढळली नाही' असा दाखला शिक्क्यासह देण्यात आला.

त्यांतल्या एक सुर्ल्याच्या चंद्रावती. त्या मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या. भाटकार म्हणतो, हे घर नव्हतेच. मामलेदारांपुढे महिन्याभरात सुनावणी, आणि घराची जुनी नोंद आमच्या पोटातल्या संगणकात. दाखला वाचून त्या म्हणाल्या, "बाब, माझ्या सासुमांयपासून आमी थंयच रवतंव. सदांच. आणि घर आढळूक ना?"

साखळीच्या दुकानातून तनया नावाची जाणकार मुलगी बोलावली. तिने चंद्रावतींदेखत पाहिले, यादीतले नव्या प्रोग्रॅमचे नाव वाचून दाखवले आणि म्हणाली, "नवो प्रोग्रॅम निवडा आनी खाला 'नेहमी' दाबा. दोन मिनटांचें काम." दोन मिनिटांच्या कामाला कोणत्या शीर्षाखाली मंजुरी घ्यावी, हे नियमात नाही. तिला चहा पाजून परत पाठवले.

पण तिच्यामुळे ते दोन शब्द कक्षाच्या नजरेस आले. चौकटीच्या तळाशी दोन बटणे होती : 'फक्त एकदा' आणि 'नेहमी'. पांडुरंगबाबांनी चष्मा काढून पुसला. "नेहमी म्हणजे मी रिटायर झाल्यावरही?" ते म्हणाले. "पेन्शन अडकली तर कोण जबाबदार?" मला त्यांचा खरोखर अभिमान वाटला. समिती बसली. ठरले असे की, प्रत्येक फाइल प्रत्येक वेळी 'फक्त एकदा' उघडावी, त्यासाठी नवा अर्ज घ्यावा, आणि दोन अर्जांत सात दिवसांचे अंतर असावे. पहिल्या महिन्यात एकशे चाळीस अर्ज आले, सव्वीस उघडण्या झाल्या. (पैकी नऊ योग्य गावाच्या.)

चंद्रावतींची 'एकदा' मंगळवारी आली. फाइल उघडली, सुर्ला दिसले, घर क्रमांक दिसायच्या बेतात असतानाच वीज गेली. 'एकदा' संपली. पुढची पुढच्या मंगळवारी, आणि सुनावणी त्याआधीच, शुक्रवारी.

वीज परत आल्यावर पांडुरंगबाबांनी संगणक सुरू केला, पुढच्या अर्जदाराच्या फाइलीवर टिचकी मारली आणि ते चहाला गेले. चौकट पडद्यावर उभी होती. चंद्रावती सहावी शिकलेल्या. त्यांनी नव्या प्रोग्रॅमचे नाव तनयाच्या तोंडून ऐकले होते, ते निवडले, खालचे दोन्ही शब्द बोट लावून वाचले, आणि आयुष्यभर ज्या शब्दासाठी भांडल्या तो दाबला.

सगळ्या फाइलींना चित्रे आली. सुर्ल्याच्या फाइलीवर टिचकी मारताच घर सापडले, क्रमांकासह, सासूच्या नावासह. चहाहून परतलेल्या पांडुरंगबाबांना नोंद समोर दिसत असताना 'आढळली नाही' लिहिणे जमेना. त्यांनी शिक्का मारून नक्कल दिली. शुक्रवारी ती मामलेदारांपुढे गेली आणि घर राहिले.

आम्ही अर्थातच त्यांना 'अनधिकृत कायमस्वरूपी निर्णय' घेतल्याबद्दल नोटीस काढली, आणि त्याच दिवशी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले. आता सर्व पूर्ववत आहे. चौकट विचारते, आम्ही 'फक्त एकदा' दाबतो.

आपण हसला असाल. पण आपल्या फोनवर एखादी लिंक उघडताना हेच दोन शब्द येतात, आणि आपण गेली चार वर्षे रोज 'फक्त एकदा' दाबत आहात. का, ते आपल्यालाही सांगता येणार नाही. पांडुरंगबाब मे महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागेसाठी अर्ज करावा, अनुभवाचा दाखला लागणार नाही.