पेटी घरी आली

रुबिनाचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. मांडव उतरून आठवडा झाला नाही, तोच खाडीपलीकडच्या नौदलाच्या गोदीत बातमी फुटली, निम्मे वेल्डर कमी करणार. रुबिनाचा बाप नजमुद्दीन त्यांतलाच. तो म्हणाला, "मला काढणारा अजून जन्माला यायचाय!"

गोदीत एक रीत होती. कामगाराची हत्यारांची लोखंडी पेटी गोदीतच राहायची. ती घरी जायची नोकरी संपल्यावरच. पण शुक्रवारी जावई पहिल्यांदा जेवायला येणार, आणि घरचं फाटक मोडलेलं. गुरुवारी सकाळची पाळी संपवून नजमुद्दीनने पेटी खांद्यावर मारली आणि आगरदांड्याची फेरीबोट धरली.

बोटीत कोणी त्याच्याशी बोललं नाही. तिकीटवाल्याने पैसेही घेतले नाहीत. लग्नघरचा मान असेल, असं त्याला वाटलं.

बाजारातून बिजागऱ्या घेऊन घरी पोचला, तर दारात चपलांचा ढीग. ओटीवर माणसं माना खाली घालून बसलेली. शेजारच्या पद्मावहिनी पातेलंभर पिठलं-भात घेऊन उभ्या.

नजमुद्दीनने पेटी खाली ठेवली. "कोण गेलं?"

"तुम्हीच!" त्याच्या बायकोने, शहरबानूने हंबरडा फोडला. "पेटी आली ना घरी, नोकरी गेली!"

"भाभी, आज चूल नका पेटवू," पद्मावहिनी म्हणाल्या. "आम्ही हाव ना."

तेवढ्यात गोदीचे विश्वंभर साहेब शाल-नारळ घेऊन हजर. "नजमुभाई, आपणहून निघालात, बरं केलंत. आता बाकीचेही मुकाट जातील."

"साहेब, फाटक मोडलंय माझं, कंबर न्हाय!"

"रीत म्हणजे रीत. पेटी घरी, माणूस घरी."

हे ऐकून शहरबानूचं रडं थांबलं. तिने पदर खोचला. "माझ्या घरात कोण मेलं न्हाय! चूल पेटणार! सगळे जेवूनच जायचं, साहेब तुम्ही पण!"

जावयासाठी राखलेला कोंबडा कापला गेला. साहेबांचा नारळ रश्शाच्या वाटणात गेला आणि शालीने गरम टोप उतरवला. साहेब दोनदा रस्सा मागून जेवले.

दुसऱ्या दिवशी नजमुद्दीन पहिल्या बोटीने पेटी घेऊन गेला आणि गोदीच्या लोखंडी जमिनीला तिचे चारही कोपरे वेल्डिंगने पक्के जोडून टाकले. बाजूला काम करणारा वेल्डर हरेश्वर म्हणाला, "नजमुभाई, माझी पण चिकटव!" दुपारपर्यंत एकही पेटी सुटी उरली नाही.

साहेबांनी एक ओढून पाहिली. हलेना.

"रीत म्हणजे रीत, साहेब," नजमुद्दीन म्हणाला. "पेटी हालली, तर माणूस हालंल."

संध्याकाळी जावई मोडकं फाटक ओलांडून आला आणि कालचं पिठलं-भात जेवला.

त्या साली गोदीतून कोणी गेलं नाही. मेला तो एकटा कोंबडा, गुरुवारी दुपारी.