ठेवणीतले टायर

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी चारचौघांत ताटात पडो. आणि कवळी नवी आहे, म्हणजे शपथ किती जड आहे ते तुमचं तुम्ही समजा.

तर, माणसाच्या आयुष्यात गंभीर निर्णय फार थोडे असतात. लग्न घरचे ठरवतात, नोकरी नशीब ठरवतं, पथ्य डॉक्टर ठरवतो. स्वतःच्या अकलेनं घ्यायचा असा एकच निर्णय उरतो, तो म्हणजे उंची गाडीला कुठले टायर घालावेत. बहुतेकांच्या नशिबात तोही नसतो. साहेबांच्या होता.

साहेब म्हणजे बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांना हार दिला आणि त्यांनी स्वतःला गाडी दिली. लांबलचक, काळीभोर, दार लावलं की बाहेरचं जग मुकं व्हावं अशी. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं, त्यामुळे प्रत्येक वळणावर माणूस घसरत दाराशी जायचा. (उंची गाडीत घट्ट बसता यावं ही अपेक्षाच मुळात हलकी आहे.) गाडीच्या आजवरच्या प्रवासाची विगतवारी अशी: निम्मा प्रवास न्हाव्याकडे, पाव पेट्रोल भरायला, आणि उरलेला पाव गाडी नीट चालते की नाही हे बघायला.

एके सकाळी गाडी धुणाऱ्यानं पाणी मारता मारता सांगितलं की टायरांना चिरा पडल्यात. साहेब खाली वाकले. खरंच पडल्या होत्या. टायर झिजले नव्हते हो, उभे राहून राहून तडकले होते. साहेबांना वाईट वाटलं, पण आतून थोडा अभिमानही वाटला. लोकांचे टायर रस्त्यावर पळून पळून संपतात. यांचे घरच्या घरी, वयानं गेले.

नेमका त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण, आणि वहिनी म्हणजे साहेबांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. ताई डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची. तिनं घर विकलं होतं आणि महिनाअखेर ती मुलाकडे परदेशी जाणार होती, कायमची.

"एकदा येऊन जा गं," ताई म्हणाली. "दोघी मिळून घर आवरू. परत कुठं भेटणार आपण या वयात?"

वहिनींनी त्याच दुपारी पिशवी भरली. दोन जोड कपडे, गुडघ्याचं मलम आणि ताईला आवडतो म्हणून घरचा लसणीचा मसाला. बस सकाळची असते, मी तिनंच जाते, असं त्यांनी जाहीर केलं.

"घरात एवढी गाडी असताना बसनं?" साहेब म्हणाले. "तुझी बहीण काय म्हणेल मला? टायर आले की निघूच. माझा शब्द आहे."

वहिनींनी पिशवी दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आणि शब्दाची वाट बघत बसल्या.

पण शब्द दिला म्हणजे लगेच बाजारात जायचं, असं नसतं. ती रीत सायकलवाल्यांची. उंची गाडीच्या बाबतीत आधी समिती नेमावी लागते. साहेब अध्यक्ष झाले. जावई तांत्रिक सल्लागार झाला, कारण घरात त्याचाच फोन सगळ्यात मोठा होता. शेजारचे दाताचे डॉक्टर तज्ज्ञ सदस्य झाले, कारण ते संध्याकाळी रिकामे असत. वहिनींकडे चहा विभाग आला.

डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत दाखवून दिलं की आपली निवड वाया गेलेली नाही. ते तोंडात बघायचा छोटा आरसा घेऊन गाडीखाली आडवे झाले आणि एकेका टायरचा तळ तपासून आले. मागच्या डाव्या टायरला 'आ करा' म्हणायचं तेवढं राहिलं. निदान असं झालं की टायर काढावेच लागतील, मात्र काढण्याआधी दुसरं मत घ्यावं. दुसरं मत जावयाच्या फोनमध्ये होतं. एका अनोळखी माणसानं लिहिलं होतं, या टायरांनी माझं आयुष्य बदललं. त्याच टायरांबद्दल दुसऱ्यानं लिहिलं होतं, अजिबात घेऊ नका, मी घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. समितीनं पावसाचा मुद्दा पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला.

इकडे ताईचे फोन चालूच. आज पलंग गेला, ताई सांगायची. वहिनी चहा गाळता गाळता ऐकायच्या आणि बैठकीत येऊन म्हणायच्या, पलंग गेला हो. समिती मान डोलावायची आणि कडेच्या पट्टीची जाडी किती असावी याकडे वळायची.

शेवटी सगळे दुकानात गेले. हे दुकान म्हणजे रस्त्याकडेला हवा भरून देतात तसलं नव्हे. आत गारवा, काचेची टेबलं, आणि भिंतीवर टायर असे टांगलेले की बघणाऱ्यानं आपोआप हळू बोलावं. दुकानदार गोड माणूस. त्यानं साहेबांना खुर्ची दिली आणि अगदी सहज विचारलं, गाडी साधारण कुठं आणि किती चालते?

आता उंची गाडीच्या मालकानं 'न्हाव्याकडे' असं कसं सांगायचं? साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "लांब लांब. हायवेच जास्त."

वहिनी भिंतीवरचा एक टायर फार लक्ष देऊन बघायला लागल्या.

"आणि वेग?"

"आता, गाडीला पळायची सवय आहे म्हटल्यावर..." साहेब म्हणाले आणि बाकीचं त्याच्यावर सोपवलं.

(खुलासा: साहेबांच्या गल्लीत दर चार घरांमागे एक गतिरोधक आहे. ते बसवावेत या अर्जावर पहिली सही साहेबांची होती.)

दुकानदारानं शर्यतीच्या वेगालाही न फाटणारा टायर दाखवला, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हा जरा कडक असतो, खड्डे जाणवतील. साहेब म्हणाले, मऊ दाखवा. दुकानदार म्हणाला, मऊ लवकर झिजतो. मग न झिजणारा दाखवा. तो आवाज करतो. साहेबांनी समितीकडे पाहिलं, समितीनं साहेबांकडे पाहिलं, आणि एकमतानं ठरलं की पळणारा, मऊ, न झिजणारा आणि मुका असा टायर हवा. दुकानदारानं थोडा विचार केला. असा टायर आहे, म्हणाला, पण तो बाहेरून मागवावा लागतो, थांबावं लागेल. थांबावं लागेल म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उजळला. जी वस्तू ताबडतोब मिळते ती कुणालाही मिळते.

तर थांबले. ताईचं कपाट गेलं. मग फ्रिज गेला. वहिनींची पिशवी खुर्चीवरच होती. मधल्या काळात मलम संपलं, म्हणून त्यांनी नवं भरलं.

टायर आले तेव्हा ताई फोनवर म्हणाली, "आता एक सतरंजी, एक शेगडी आणि मी. परवा गाडी येणार मला न्यायला. येतेस ना?"

"येतेय," वहिनी म्हणाल्या. "टायर बसले."

आणि खरंच बसले होते. समिती अंगणात उभी राहून बघत होती. काळे, मखमली, कडेला नक्षीसारख्या रेघा. आणि अंगभर बारीक बारीक रबराचे केस. नवीन टायरला असतात तसे, उभे, मांजरीच्या मिशांसारखे. साहेबांनी त्यांवरून अलगद हात फिरवला. लहान बाळाच्या डोक्यावरून फिरवावा तसा फिरवला, मी उगीच वाढवून सांगत नाही.

"हे केस राहतील ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी गंभीरपणे सांगितलं की रस्त्याला घासले की जातात. डांबरावर थोडे दिवस टिकतील, खडीवर नाही.

ताईच्या गावाचा शेवटचा तुकडा खडीचा होता.

त्या संध्याकाळची बैठक समितीच्या इतिहासात सर्वांत जास्त लांबली. जावयानं फोनमध्ये पाहिलं, केस गेल्यानं टायरचं काही बिघडत नाही असं सगळे लिहीत होते. साहेब म्हणाले, बिघडत नाही हे मलाही कळतं, पण केस गेले की तो नवा राहिला का? मग ठराव झाला. नवे टायर चांगल्या प्रसंगासाठी ठेवावेत. असल्या रस्त्यांसाठी रोजच्या वापरातले, साधे, दुसरे चार टायर बघावेत, आणि त्यांच्या निवडीसाठी हीच समिती पुढे चालू राहावी.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "चांगला प्रसंग म्हणजे कुठला हो?"

"अगं, येईल की एखादा," साहेब म्हणाले.

वहिनींनी ट्रे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून त्या अंगणात आल्या तेव्हा साहेब गाडीखाली जॅक लावत होते. चारही चाकं जमिनीपासून वर उचलली होती. जमिनीचा स्पर्श नाही म्हणजे झीज नाही, इतकं सरळ गणित आजवर कुणाला सुचलं नव्हतं. जगातला कुठलाच रस्ता आता त्या टायरांचं काही बिघडवू शकत नव्हता.

साहेब थोडे ओशाळले. म्हणाले, "थांब, खाली उतरवतो. स्टँडपर्यंत सोडतो."

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "केस गळतील."

बसचे टायर वहिनींनी चढताना मुद्दाम बघितले. तुळतुळीत होते, साहेबांच्या डोक्यासारखे. बस डोंगर चढली, उतरली, खडीवर खडखडली, आणि दुपारी त्यांना ताईच्या दारात उतरवून पुढे गेली.

घर इतकं रिकामं झालं होतं की 'ताई' म्हणून हाक मारली तर ती भिंतींवरून फिरून परत आली. ताई बाहेर आली आणि आधी बहिणीची पिशवीच काढून घेतली. तिला वाटलंच नव्हतं ही येईल असं. मग दोघी सतरंजीवर बसल्या. कोपऱ्यात एकच खोकं उरलं होतं. आत ताईच्या लग्नातला कपबश्यांचा सेट, सोनेरी काठाचा, कागदात गुंडाळलेला, एकदाही न वापरलेला.

"हा का नाही वापरलास?" वहिनींनी विचारलं.

"पाहुण्यांसाठी ठेवला होता."

"कुठल्या?"

ताईनं आठवून पाहिलं. "ते काही ठरलं नव्हतं गं," ती म्हणाली.

मग तिनं कागद सोडले, दोन कप पुसले, आणि शेगडीवर चहा ठेवला. दोघींनी अंधार पडेपर्यंत सोनेरी काठाच्या कपांतून चहा घेतला, आणि एक बशी फुटली तेव्हा इतक्या हसल्या की वहिनींना मलम काढावं लागलं. मध्येच साहेबांचा फोन आला. ते गाडीत बसून बोलत होते, हवेत, प्लास्टिकवर.

"बस कशी होती?" त्यांनी विचारलं.

"पोचली," वहिनी म्हणाल्या.

झाली गोष्ट. आता हसताय ते हसा साहेबांना, हसण्यासारखेच आहेत.

फक्त एक बारीकशी गोष्ट. कवळी जरा हलायला लागली म्हणून सांगून टाकते. तो सेट ताईनं उघडला, एवढं मी पदरचं घातलं. नाही उघडला तिनं. कागद सोडायला हात गेला आणि मागे आला. चहा दोघींनी स्टीलच्या पेल्यांतून घेतला, आणि खोकं जसंच्या तसं ताईनं कुणाला तरी देऊन टाकलं, चांगल्या प्रसंगी वापरा म्हणून.

तेच ते, तुमच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आहे ते. जा, बघून या. कागद अजून तसाच असेल.