अस्तरातला शकुन

अमरेशने दारात मोटारसायकलचा हॉर्न वाजवला, तेव्हा बसम्मा पिशवीच्या अस्तराची शेवटची शिवण घालत होत्या. पिशवी जळकोटला जाणार होती, होणाऱ्या विहीणबाईंना. इरकलीचा लाल काठ, पिवळाधमक खण, अमरेशच्या लहानपणच्या सदऱ्याची निळी बाही, असं सगळं जोडून ती बेतली होती. तळाला जुन्या गोधडीचा थर होता. नारळ ठेवला तरी पिशवी लोंबायची नाही.

अशी पिशवी आधी उलटी शिवतात. मग अस्तरात ठेवलेल्या वीतभर फटीतून ती ओढून सुलटी करतात आणि फट बुजवतात. दुपारपासून तेवढी फटच राहिली होती. बसम्मांनी ती बुजवली, धागा दातांनी तोडला आणि पिशवी लेकाच्या हातात दिली.

अमरेश गेला आणि महादेवप्पा झोपेतून उठले. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती आणि आवाजाला दरारा होता. पण आता ते उशी उचलून खाली बघत होते.

"काय शोधलालाव?" बसम्मांनी विचारलं.

"कवळी." दात नसल्यामुळे ते 'फवई' असं ऐकू आलं.

"ठिवलाव कुठं?"

"तुझ्या पिशवीच्या खिशात. उंदरं लई झालेत म्हणून रुमालात गुंडाळून ठिवलो."

"त्या पिशवीला खिसा न्हाई," बसम्मा म्हणाल्या.

मग दोघांनाही अस्तरातली ती फट आठवली.

अमरेशला फोन करायची सोय नव्हती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याने लगेच होणाऱ्या बायकोला, अक्षराला सांगितलं असतं, आणि जळकोटला कळलं असतं की साखरपुड्यात "या वयातबी ऊस दातानंच सोलतो" असं ठणकावून सांगणाऱ्या व्याह्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. त्यात दुसऱ्या दिवशी जळकोटलाच लग्नाच्या खर्चाच्या आणि मानपानाच्या याद्या करायचं ठरलं होतं. मुलाच्या बापाशिवाय याद्या होत नाहीत.

"घसा बसलाय म्हणून सांगते मी," बसम्मांनी बजावलं. "तुम्ही तोंड उघडायचं न्हाई. हाव असलं तर मान खाली. न्हाई असलं तर आडवी."

"आन् कळलं न्हाई तर?"

"तर हलवूच नका."

जळकोटला अक्षराचे आईवडील, नीलम्मा आणि विरूपाक्ष यांनी दारातच "शरणार्थ, शरणार्थ" म्हणत स्वागत केलं. बसम्मांची नजर खुंट्यांवरून फिरली. पिशवी खुंटीवर नव्हती. ती देवघरात होती. तिला हळदकुंकू लावलेलं होतं, वर जास्वंदीचं फूल होतं.

"इहीणबाई, आत खुळखुळ वाजलालंय," नीलम्मा भक्तिभावाने म्हणाल्या. "शकुनाची सुपारी घातलाव न्हाई का? आमच्यात अशी रीत न्हाई, पण मला लई आवडली."

"हाव," बसम्मा म्हणाल्या. "शकुनच हाय. पण एक टाका कच्चा राहिलाय. देता का जरा, उसवून नीट करते."

"अय्यो, नको! शकुनाचा टाका उसवू न्हाई."

पानं मांडली गेली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि महादेवप्पांसाठी मुद्दाम करवलेले डिंकाचे लाडू. एकेक लाडू क्रिकेटच्या चेंडूसारखा. महादेवप्पांनी भाकरीला हात लावला नाही. ताक प्यायले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

विरूपाक्ष बायकोच्या कानाशी लागले. "इवाई रुसलेत."

"त्याइचा घसा बसलाय," बसम्मा म्हणाल्या.

"ते झालं. पण लाडूबी न्हाई?" विरूपाक्षांनी घाम पुसला. "इवाई, कूलरचं कार्यालय बघू. आधीचं रद्द करतो." महादेवप्पा गप्प. "वाजंत्री लातूरची सांगू." महादेवप्पा गप्प. कशाला होकार द्यायचा हे न कळल्यामुळे ते सांगितल्याप्रमाणे मान हलवत नव्हते. त्यांची ती नजर आणि मिटलेले ओठ बघून विरूपाक्षांचा धीर सुटला.

"म्हणजे तुम्हाला कळलंच म्हणा," ते म्हणाले. "आता लपवत न्हाई. अक्षराची लातूरला बँकेत निवड झाली हाय. लग्नानंतर नोकरी सोडणार न्हाई म्हणते. साखरपुड्यात बोलायला पायजे होतं. चुकलं आमचं."

महादेवप्पांच्या कपाळाची शीर उडाली. आडत्याची सून कचेरीत जाणार नाही, हे ते मोंढ्यात दहा माणसांसमोर बोलून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी बसम्मांनी त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला, की तोंड मिटलं आणि मान कळवळून थेट छातीला टेकली.

"हाव म्हणले!" विरूपाक्ष ओरडले. "इवाई न्हाई, देवमाणूस हाय!"

नीलम्मांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. ती तेवढी महादेवप्पांना खाता आली.

तेवढ्यात अक्षराने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आत्याबाई, जरा आमटी चाखून बघता का?" आत आमटी कुठेच नव्हती. अक्षराने झाकलेली वाटी पुढे केली. कोमट मिठाच्या पाण्यात कवळी होती.

"पिशवी हातात आली तवाच हाताला लागली, रुमालातनं सुटलेली. आईला खुळखुळ आवडली म्हणून खरंच सुपारी घालून परत शिवले. कुणाची हाय ते आज मामांचे गाल बघून कळलं."

बसम्मांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "अगं, मग आल्या आल्या का दिली न्हाईस?"

अक्षराने पदर सारखा केला. "याद्या होऊ द्यावं म्हणलं आधी."

परतीच्या बसमध्ये बसम्मांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता महादेवप्पांनी कवळी तोंडात नीट बसवली. आता ते चिडणार असं समजून बसम्मांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"माल हातात असून भाव ठरंपर्यंत थांबली," महादेवप्पा कौतुकाने म्हणाले. "मोंढ्यात जन्म गेला माझा, मला जमलं न्हाई. आपल्या अमरेशला तर सात जन्मात जमणार न्हाई. मी काय म्हणतो, अमरेशला धाडू बँकेत, आन् पोरगी दुकानावर द्या म्हणून इवायाला विचारून बघ की."

"तुम्हीच विचारा," बसम्मा म्हणाल्या. "मी आज लई बोलले."