कावळ्याला दाखवलेला सिनेमा

“उरलेला उद्या बघू,” असं आम्ही दोघी जावांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

लाइट गेली होती. सिनेमातली शेवटची स्पर्धा आता सुरूच होणार होती, आणि आमच्या प्रेम नगरात लाइट जाते ती अशाच वेळी. शकुंतलाताई, माझी मोठी जाऊ, शेजारच्याच घरात राहायच्या. उठता उठता म्हणाल्या, “एकटीनं बघितलास तर बघ हं, बकुळ!” दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. हार्ट अटॅक.

आमचे सिनेमे म्हणजे शाळा-कॉलेजातल्या पोरांचे, नाचाचे. घरात सांगितलं होतं, दुपारी प्रवचन ऐकतो. (एकीला बीपी, दुसरीचे गुडघे कुरकुरतात. खरं कुठल्या तोंडानं सांगणार?) गोष्ट नेहमी तीच. मुलीला नाचायचं असतं, बाप नको म्हणतो, ती चोरून शिकते. कोण जिंकणार ते पोस्टरवरूनच कळतं. पण शेवटी बाप हॉलमध्ये येऊन मागे गुपचूप उभा राहतो ना, तिथे आम्ही दोघी पदर ओला करायचो. ताईंना गॅदरिंगच्या आदल्या दिवशी वडिलांनी घरी बसवलं होतं. घुंगरू शेजारच्या मुलीला देऊन टाकले. माझ्या वडिलांनी काही मनाई केली नाही. ते माझा नाच बघायला आलेच नाहीत. म्हणून सिनेमातला तो बाप आम्ही दोघींनी वाटून घेतला होता.

दहाव्याला गावाच्या लक्ष्मी गेटाबाहेर तलावाकाठी पिंड ठेवला. आमच्यात पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही असं मानतात. कावळा होता, समोरच्या लिंबावर. पण खाली येईना. मग एकेकानं हात जोडून ताईंना वचन द्यायला सुरुवात केली.

“शकुंतला, श्रेयाचं लग्न मी थाटात करीन,” माझे मोठे दीर, नानासाहेब म्हणाले. मुंडण केलेलं त्यांचं डोकं किती लहान दिसत होतं!

“आई, मी पप्पांना रोज फोन करीन, पक्का,” त्यांची लेक श्रेया म्हणाली.

“वहिनी, मी तंबाखू सोडतो,” आमचे हे म्हणाले. कावळ्यानं पाठ फिरवली. (तो ह्यांना ओळखत असावा.)

“कौआ खों भूख नइयाँ, चाची,” शेजारी बसलेली फुलवाली इकडच्या हिंदी बोलीत मला म्हणाली. कावळ्याला भूकच नाही म्हणे.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, “आता दर्भाचा कावळा करून लावू.”

नानासाहेब मटकन खाली बसले. “म्हणजे तिचं काहीतरी राहिलंच. मला का नाही सांगितलं तिनं?”

काय राहिलंय ते मला माहीत होतं. पण समोर दीर, नवरा, गुरुजी! शेवटी पुढे होऊन पुटपुटले, “ताई, तो सिनेमा मी पुरा बघीन.”

“मोठ्यानं बोला,” गुरुजी म्हणाले.

“सिनेमा! नाचाचा! कोण जिंकलं ते सांगीन!”

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

“नाचाचा?” हे म्हणाले. “आणि प्रवचन?”

सगळं सांगावं लागलं. घुंगरांचंसुद्धा. नानासाहेब खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “श्रेया, मोबाइलवर आहे का तो? वचन कशाला, आत्ताच दाखवू तिला.”

“अहो भाऊजी, सुतकात सिनेमा?” मी म्हणाले.

गुरुजींनी विचार केला. “टीव्ही वर्ज्य. मोबाइलचं कुठे लिहिलेलं नाही.”

उन्हात काही दिसेना, म्हणून श्रेयानं ओढणीचा आडोसा केला. त्या आडोशात सगळ्यांनी डोकी घातली. गुरुजींनी घातलं, फुलवालीनंही घातलं. पोरगी नाचली. बाप आला, मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

“आले बघ, शकुंतला, आले,” नानासाहेब म्हणाले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. “तिला नाचायचं होतं... एका घरात राहिलो गं बकुळ, आणि मला पत्ता नाही.”

आम्ही डोकी बाहेर काढली तर पिंड फुटलेला, भात विखुरलेला, लिंब रिकामा. कावळा येऊन गेला, की खार, की कुत्रं? कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींचे डोळे लाल झाले होते.

“शिवला,” ते नाक ओढत म्हणाले. “पोरगी जिंकली ना? मग शिवलाच.”

तेरावं झालं, श्रेया परत तिच्या गावी गेली. दुसऱ्या दुपारी मी टीव्हीसमोर बसले, पण रिमोटचं बटण दाबवेना. शेजारची खुर्ची फार मोठी वाटत होती. तेवढ्यात नानासाहेब आले, हातात चष्मा.

“लाव एखादा. बाप येऊन उभा राहतो तसला.”

मला भरून आलं. ताईंना सांगायचे तसंच मी त्यांनाही सगळं सांगत गेले. ही मुलगी कोण, ती मैत्रीण कशी उलटणार, त्या मास्तरांच्या मनात काय आहे. ताई किती शांतपणे ऐकून घ्यायच्या! कधी मध्ये एक शब्द नाही. नानासाहेबही मान डोलावत ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“बकुळ,” ते फार मायेनं म्हणाले, “तुझ्याकडून घरी आली की ती कानातला कापूस काढून ठेवायची. मला वाटायचं, प्रवचन मोठ्यानं लावत असाल.”

मी बटण दाबून सिनेमा थांबवला.

“आहे का गं थोडा?”