गेनबा वायरमनची शंभर वॅटची माणसं

आमच्या गुंजवण्यात गेनबा वायरमनच्या घरी गेलात तर तो "या, बसा" म्हणत नाही. "आला, शंभर वॅट आला!" असं ओरडतो. दोघं गेलात तर दोनशे. एकदा तलाठी चौकशीला आला, त्यालाही म्हणाला, "टेका साहेब, तुमचे शंभर धरले."

विजेच्या खांबांवर चढून जन्म काढला त्यानं, आता पेन्शनीत आहे. कुठंतरी त्यानं वाचलं, की माणूस नुसता बसला तरी शंभराच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकतो. झालं! भिंतीवर पाऱ्याचं थर्मामीटर टांगलं, आणि येईल त्याला एकच, "पारा बगा, पारा!"

मी चौथीतून शाळा सोडलेला. पण जे पटत नाही ते मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हटलं, "गेनबा, बल्ब चटका देतो. मला हात लाव, बसतोय का चटका?"

"आरं आण्णा, बल्बाची आग एवढ्याशा तारंत कोंडल्याली. तुजी डोस्क्यापासनं पायापतोर पसारल्याली. चुलीम्होरं बसल्यावर तोंड शेकतं का न्हाई? आन पाठ?"

"पाठ गार."

"हवा तर दोन्हीकडं सारखीच. मग तोंडावर काय येतंय? त्यो झोत हाय लेका! उजेडाचाच सख्खा भाऊ, नुस्ता डोळ्याला दिसत न्हाई. तुज्या अंगातनंबी त्योच निगतोय, आत्ता, हितं. भाकरी जळण, तू चूल."

मला चूल म्हणाला! मग पैजच लागली. पौषातली सकाळ, शेगडी नाही, बल्ब नाही, नुसती माणसं बसवून त्यानं खोलीतला पारा सतरावरून वीसवर न्यायचा, तोही आठची एसटी यायच्या आत. नेला तर मी सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हणायचं. नाही नेला तर त्यानं थर्मामीटर काढून टाकायचं आणि माणसाला माणूस म्हणायचं. "माझं चुकलं" हे मी बायकोपुढंही कधी म्हटलेलं नाही. थर्मामीटर काढायचं म्हटल्यावर त्याचाही चेहरा उतरला. मला वाटलं, भ्याला गडी.

रविवारी सातला सगळी आळी लोटली. गेनबा दारात उभा राहून माणसं मोजतोय. "तीनशे... चारशे... ती किटली भाईर! च्याची उष्णता चालणार न्हाई. बिडी इझव रं!"

शेजारच्या सखूवहिनी आल्या. अंगानं भरलेल्या. गेनबा म्हणाला, "वैनी, तुमचे दीडशे धरतो."

"आन तुमी सोता झिरोचा बल्ब!" वहिनी म्हणाल्या, आणि खोली हसण्यानं हादरली.

"हसा, हसा! हसल्यावर वॅट वाढत्यात!" गेनबा नाचायलाच लागला.

मी मात्र आत गेलो नाही. माझे शंभर मी त्याला कशाला देऊ? बाहेर ओट्यावर उभा राहिलो, शालसुद्धा न घेता. आतून आरोळ्या येत होत्या. साडेसतरा! अठरा! एकोणीस! साडेएकोणीसला पारा अडला. आठला पाच मिनिटं कमी. आत सगळे श्वास रोखून बसलेले, गेनबा ओरडतोय, "श्वास घ्या रं, मरताय का काय!" इकडं माझे दात वाजायला लागले. गावामागच्या गडावरून वारा असा उतरत होता की बोलायची सोय नाही. शेवटी म्हटलं, मिनिटभर टेकावं, तेवढ्यानं काय होतंय. दार लोटून आत शिरलो आणि थर्मामीटरखालीच बसलो.

"विसाला टेकला!" सगळी खोली उठून उभी राहिली. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "माझं चुकलं." सखूवहिनींनी ते दोनदा म्हणायला लावलं.

मग कुणी एसटीकडं, कुणी म्हशींकडं, पाच मिनिटांत खोली रिकामी. दार सताड उघडं. गेनबा पाऱ्याकडं बघत खाटेवर बसलेला. एकोणीस. अठरा.

मी सहज विचारलं, "एकट्यानं किती चढतो रं?"

"न्हाई चढत," तो म्हणाला. "दोन हिवाळं झालं, रोज बगतोय. एकट्याचं समदं भिंती खात्यात."

"आन तुजी कारभारीण व्हती तवा?"

"तवा कुठं बगितलं?" त्यानं चादरीची सुरकुती सारखी केली. "तवा थंडीच वाजत नव्हती."

मी उठलो, दार आतून लावलं, आणि खाटेवर त्याच्याशेजारी येऊन बसलो.

"घरला न्हाई व्हय जायचं?" गेनबानं विचारलं.

"भाईर लई गारठा हाय," मी म्हटलं.

बाहेर तेव्हा अंगणभर ऊन पडलं होतं.