मोरो भाल्यांची खंडेपूजा

कुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून, डोळां देखिलें तेंच सांगतों. शके सोळाशें एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरीं, विजयादशमीचे सकाळीं राज्यांत जो अनर्थ जाहला, तो सावध होऊन ऐकावा.

महाराजांस भाल्यांचा षोक. पूर्वसमुद्राचे बेटांवर मोरो म्हणून लढवय्ये लोक राहतात, त्यांचे भाल्यांवर विशेष जीव. मग गलबतें धाडून ते जमविले आणि शिलेखाना भरून टाकिला. तों त्याच बेटांवरून उसोप नांवाचा वृद्ध सरदार दरबारीं आला, आणि दुभाषी हसन नाखवा याचे तोंडें बोलिला, "महाराज, माझे बापानें ज्या भाल्यानें शेजाऱ्याचा आजा मारिला, तो भाला तुम्हांपाशीं आहे. त्या वैरांत माझे दोन लेक गेले. आतां दोन्हीं घरांनीं कबूल केलें, कीं तोच भाला मध्यें रोवून तहाची शपथ घ्यावी. न मिळाला तर उरला धाकटाही जाईल." महाराज द्रवले आणि म्हणाले, "ओळखा आणि घेऊन जा."

मग शिलेखाना उघडिला आणि उसोप दारींच थिजला. शिलेखान्याचा दारोगा सटवाजी, मोठा भाविक, त्यानें आदले दिवशीं खंडेपूजेसाठीं पात्यांचे बुडाची राळ वितळवून सर्व पातीं दांड्यांवेगळीं केलीं, आणि चिंच व विटेची पूड लावून ऐशीं घासिलीं कीं पोलादाचे पोटांतील पाण्यासारख्या रेघा समूळ गेल्या. आणि मग पातीं पुन्हां बसविलीं तीं मानाप्रमाणें, म्हणजे थोर पात्यास सांध्यावर चांदीचें कडें आणि उंच दांडा, हलक्यास पितळ आणि आंखूड दांडा! उसोप कपाळ धरून म्हणाला, "अहो, पातें, कडें, दांडा एके घरचे असती तरच भाला ओळखूं येतो. हे तर सारे अनोळखी!"

सटवाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, चांदीचे गळ्याला गंजकें पातें शोभेना, म्हणोन..." दिवाणजी ओरडले, "दारोगा, आम्हीही दरबारीं मानाप्रमाणेंच बसतों, आमचीं मुंडकीं तेवढीं जागचे जागीं असूं द्या!" कोणी हंसलें नाहीं.

मग उसोप एकेक दांडा हातानें चांचपूं लागला, आणि एके जागीं थांबून नखानें लाख खरवडूं लागला. सटवाजी म्हणाला, "तेथें खांच होती, वाईट दिसे, ती म्यांच भरली." लाख निघाली आणि तिरपी खोल खांच दिसली. उसोप म्हणाला, "मरतेवेळीं शेजाऱ्याचे आज्यानें तलवार मारिली, ती ही. त्याचे घरचें पोरही ही खूण ओळखील."

महाराज घाईनें म्हणाले, "आतां पातें?" उसोपानें वरचें परकें पातें उपटिलें, दारोग्याचे हातीं दिलें, आणि डोळे पुसून म्हणाला, "शपथेस ही खांच पुरे. वैर पात्यानें लागलें, तें तुमचे दारोग्यानें हरविलें. दरवर्षीं हरवीत जा म्हणावें." आणि उघडा दांडा खांद्यास टाकून चालता झाला.

तेव्हांपासून राज्यांत शस्त्रांस फूल वाहतात, हात लावीत नाहींत. मोरो भाले आजही झळकतात, आणि कोणता कोणाचा हें देवासही ठाऊक नाहीं. एवढेंच वर्तमान.